तिसऱ्या गल्लीतलं बारावं घर

साठ वर्षं होत आली तरी त्या वस्तीला सगळे नवी वस्तीच म्हणत. शहराच्या पाणीखात्यानं आपल्या कारकुनांसाठी आणि फिटरांसाठी ती बांधली, तेव्हा तिथं वीटभट्ट्यांनी पोखरलेले खड्डे आणि त्यांत साचलेलं तांबडं पाणी एवढंच होतं म्हणतात. पुढे शहर चहूबाजूंनी वाढलं आणि वस्तीला ओलांडून पार लांब निघून गेलं. वस्ती मात्र होती तशीच राहिली. एका मापाची बसकी घरं, पुढे दोन पायऱ्या, मागे हातभर अंगण. टोकाला पाण्याची उंच टाकी. दुपारी तीननंतर तिची सावली एकेक गल्ली ओलांडत सरकायची, आणि ज्या गल्लीवर ती पडेल तिथं ऐन उन्हाळ्यातही ओल्या विटांचा वास सुटायचा.

स्टेनोबाई आणि त्यांचे यजमान तिथं राहायला आले त्याला दोन वर्षं झाली होती. बाईंनी एकतीस वर्षं न्यायालयात लघुलेखन केलं होतं. साक्षीदार खरं बोलतोय की खोटं, याच्याशी त्यांना कधीच देणंघेणं नव्हतं. तो जे बोलला ते, जसं बोलला तसं, कागदावर उतरलं पाहिजे, एवढंच. ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. दूधवाला परवा काय म्हणाला होता हे त्या शब्दन् शब्द म्हणून दाखवत आणि बिचाऱ्याला तोंड लपवायला जागा ठेवत नसत.

यजमानांना सगळे घड्याळजी म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं. मग गुडघ्यांनी दगा दिला, जुन्या घराचे तीन जिने चढवेनात, म्हणून हे जमिनीलगतचं घर घेतलं. दुसऱ्या गल्लीतलं चौथं. मुलगी एकुलती एक. लग्न होऊन आगगाडीनं पाच तासांवरच्या शहरात. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, आणि आईबापांत फोन आधी कोणी घ्यायचा यावरून लुटुपुटीची भांडणं व्हायची.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी फिरता फिरता घरं मोजली होती. पाच गल्ल्या, गल्लीला बारा घरं, म्हणजे साठ व्हायला हवीत. भरली एकोणसाठ. तिसऱ्या गल्लीच्या शेवटी, बाराव्या घराच्या जागी, तारेचं कुंपण घातलेला मोकळा तुकडा होता. आत गुडघाभर गवत.

"कंत्राटदाराला डुलकी लागली असेल," घड्याळजी म्हणाले. "सोड ना आता. निवृत्त झालीस तू."

बाईंनी सोडलं. पण वस्तीतली आणखी एक गोष्ट त्यांना खटकायची. इथून कुणी जात नसे. दोन वर्षांत एकही घर रिकामं झालं नव्हतं. मुलं शिकून बाहेर पडत आणि वर्षभरात सामानासकट परत येत. विचारलं तर म्हणत, "करमेना तिकडे."

पुस्तकाचं निघालं ते वसाहतीच्या सेक्रेटरींमुळे. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त औषधविक्रेते. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, कुठलीही गोष्ट मोजून मापून पुडीत बांधून दिल्यासारखी सांगायचे. वस्तीला साठ वर्षं होतायत, तर आठवणींचं एक पुस्तक काढू या, असं त्यांनी ठरवलं.

"आम्हा लोकांना बोलता येतं, लिहिता येत नाही," ते बाईंना म्हणाले. "तुम्ही नुसतं उतरवून घ्या. तुमच्यासारखं हात चालणारं माणूस वस्तीत दुसरं नाही."

बाईंना खरं तर बरंच वाटलं. दोन वर्षांत पेन्सिल गंजायची वेळ आली होती. त्यांनी नव्या वह्या आणल्या आणि कामाला लागल्या.

पहिली मुलाखत सिस्टरची. इस्पितळात परिचारिका म्हणून जन्म घालवलेली एकाहत्तर वर्षांची अविवाहित बाई, तिसऱ्या गल्लीत राहणारी. वस्ती वसली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, हे बाईंनी मुलाखतीआधीच टिपून ठेवलं होतं. सिस्टर नळ, रस्ते, शाळा यांवर बोलली. मग जरा थांबून, खिडकीकडे बघत म्हणाली:

"मी सहा वर्षांची होते. दुपारचे चार वाजले असतील. शाळेतून एकटीच आले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं सताड उघडी. आमच्याकडे शेगडीवर दूध तापत होतं, नुकती साय धरत होती, आणि आई नव्हती. मी शेजारी गेले. बशीत ओतलेला चहा, वाफा येतायत, पण माणूस नाही. असं एकेक घर करत शेवटच्या घरापाशी गेले. ते तेवढं बंद होतं. मी दार वाजवलं. आतून आईचा आवाज आला. थांब, अजून सगळे आले नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. एवढंच आठवतं."

"सहा वर्षांची असताना तुम्ही इथं नव्हता, सिस्टर. वस्तीच नव्हती."

सिस्टरनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. तापात बरळणाऱ्या रोग्याकडे बघावं तसं. "असं कसं? मला तर सगळं दिसतंय," ती म्हणाली.

म्हातारपण, असं मनाशी म्हणून बाई उठल्या.

दुसरी मुलाखत शिवणकाम करणाऱ्या वहिनींची. वय शेहेचाळीस, जन्म वस्तीतला, जीभ कात्रीसारखी. अख्ख्या वस्तीची मापं मला ठाऊक आहेत, कपड्यांची आणि माणसांचीही, असं ती म्हणायची. तिनं तासभर हसवलं. मग मशीनवरचा पाय थांबवला. "मी सहा वर्षांची होते," ती म्हणाली. "दुपारचे चार वाजले असतील."

बाईंची पेन्सिल चालत राहिली. चिटपाखरू नव्हतं. सताड उघडी. नुकती साय धरत होती. थांब, अजून सगळे आले नाहीत.

तिसरा बसचालक. चौथा पाणीखात्यातला जुना फिटर. पाचव्या दोघी जावा. दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. घरी येऊन बाईंनी वह्या शेजारी शेजारी मांडल्या. न्यायालयात दोन साक्षीदारांच्या तोंडी तेच शब्द, त्याच क्रमानं आले की न्यायाधीश चष्म्यावरून बघायचे. पढवलेला साक्षीदार लगेच ओळखू येतो. पण पढवलेला माणूस उलटतपासणीत कोलमडतो. हे कुणी कोलमडत नव्हते. गल्लीत तेव्हा तुमच्याबरोबर आणखी कोण मुलं होती, असं बाईंनी प्रत्येकाला विचारलं होतं. प्रत्येकानं एकच उत्तर दिलं. कुणी नाही. मी एकटाच होतो. मी एकटीच होते.

त्या तडक पाणीखात्याच्या कचेरीत गेल्या. नकाशे सांभाळणारा कारकून धुळीनं शिंकत शिंकत एक गुंडाळी घेऊन आला आणि त्यानं ती टेबलावर पसरली. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला एक चौकोन होता आणि त्यावर लाल पेन्सिलीनं फुली.

"खाली भट्टीचा खड्डा," कारकून म्हणाला. "पाया दोनदा घातला, दोनदा खचला. तिसऱ्यांदा कुणी हात लावला नाही. तिथं घर कधी झालंच नाही, बाई."

"दारसुद्धा नाही?"

कारकुनाला हसू आलं. "घराशिवाय दार कसं असेल?"

आठवड्यानं त्या केस कापणाऱ्याकडे गेल्या. हा माणूस बाहेरचा. नऊ वर्षांपूर्वी कुठल्याशा बंदराच्या गावाहून बायकोसह आलेला. त्याला विचारण्यात बाईंचा हेतू होता. बाहेरच्या माणसाकडे ती आठवण नसणार आणि मग या प्रकाराची वेस तरी सापडेल. दुकान घराच्याच पुढल्या खोलीत होतं. त्यानं वस्तरा धुऊन बाजूला ठेवला, खुर्चीत स्वतःच बसला, आरशाकडे तोंड करून.

"मी सहा वर्षांचा होतो," तो म्हणाला.

बाईंनी या खेपेला लिहिलं नाही. त्याचं संपेपर्यंत थांबल्या. मग विचारलं, "तुमचं लहानपण समुद्रावर गेलं ना? तुमच्या बायको सांगत होत्या. वडील होडी चालवायचे."

तो आरशातून त्यांच्याकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करत होता असंही नाही. "कुठला समुद्र?" त्यानं सरळ विचारलं.

आतल्या दारात त्याची बायको उभी होती. निघताना ती बाईंना पोचवायला पायरीपर्यंत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आधी समुद्र गेला. मग वडील. परवा आमच्या लग्नाचा फोटो दाखवला, तर म्हणाले, जोडा छान आहे."

"आणि तुम्ही?"

"मला अजून समुद्र आठवतो," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून आधी तेच बघते, आठवतोय का."

बाई घरी आल्या. घड्याळजी टेबलाशी डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. त्यांना बघून बाईंचा जीव भांड्यात पडला. कारण नव्हतं काही, पण पडला.

घड्याळजींची एक गोष्ट ठरलेली होती. घरी कुणी नवा माणूस आला की चहाबरोबर ती यायचीच. बाई तरुणपणी वडिलांचं पावसात भिजलेलं घड्याळ घेऊन त्यांच्या दुकानात आल्या. घड्याळ पहिल्याच दिवशी दुरुस्त झालं. पण हा गडी म्हणाला, उद्या या. मग म्हणाला, परवा या. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी बाई म्हणाल्या, "घड्याळ चालतंय हे मला बाहेरूनच ऐकू येतं. आता तुमचं काय ते बोला." ही गोष्ट बाईंनी हजारदा ऐकली होती. दरवेळी तोंडानं "पुरे हो आता" म्हणत आणि चूल सोडून दारात येऊन ऐकत.

पुढल्या सोमवारी सकाळी चहा पिताना घड्याळजी म्हणाले, "तुझ्या पुस्तकात माझी आठवण नाही घेतलीस ती?"

"तुमची कसली आठवण? आपण परवा आलो इथं."

"अगं, मी सहा वर्षांचा होतो," घड्याळजी म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचाच, गमतीदार. "दुपारचे चार वाजले असतील."

बाईंनी कप खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, माझ्या बाबांचं घड्याळ किती दिवस ठेवून घेतलं होतंत तुम्ही?"

घड्याळजी हसले. अनोळखी गिऱ्हाइकाशी हसायचे तसं, सौजन्यानं.

"कुठलं घड्याळ?"

त्या दिवशी बाई सेक्रेटरींकडे जायला निघाल्या ते उन्हं कलल्यावर. पुस्तक होणार नाही, हे त्यांना सांगायचं होतं. सेक्रेटरी घरी नव्हते. दार मात्र उघडं होतं. टेबलावर चष्मा, चष्म्याखाली उघडं वर्तमानपत्र, पंखा चालू. बाईंनी दोनदा हाक मारली आणि परत फिरल्या.

चौथ्या गल्लीत शिवणकामवाल्या वहिनींचंही दार उघडं होतं. मशीनखाली कापड अर्धं शिवलेलं. मशीनचं चाक अजून फिरत होतं. हळूहळू मंदावत ते थांबलं. वहिनी नव्हत्या.

बाईंनी घड्याळात पाहिलं. चारला दोन मिनिटं कमी होती.

त्या भराभर चालू लागल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हा शब्द मनात आला तेव्हा त्या दचकल्या. तो त्यांचा शब्द नव्हता. केस कापणाऱ्याच्या दुकानात एका खुर्चीवर पांढरं कापड माणसाच्या आकारात उभं राहिलेलं दिसलं आणि बघता बघता ते खाली बसलं. सिस्टरकडे रेडिओ लागला होता. कुठंतरी दूध उतू जाण्याचा वास.

आपल्या घरात त्या धावत शिरल्या. टेबलावर भिंग होतं. बारीक पेचकस टेबलाच्या कडेला घरंगळत आला आणि खाली पडला. शेजारी चहाच्या कपातून वाफा येत होत्या.

"अहो!"

कुणी ओ दिली नाही.

टाकीची सावली तिसऱ्या गल्लीवर आली होती. ओल्या विटांचा वास इतका दाट की श्वास जड व्हावा. बाई गल्लीच्या टोकाशी पोचल्या. घर नव्हतं. तारेचं कुंपण, गवत, पलीकडे आकाश. सगळं होतं तसंच.

पण आवाज येत होता.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. एकतीस वर्षं रोज ऐकलेला. न्यायाधीश यायच्या आधी भरलेल्या दालनात जी कुजबूज असते, बाकांची करकर, खोकले, दबलेलं हसू, तो. बंद खोलीत पुष्कळ माणसं बसलेली असतात तेव्हाचा. तो गवतातून येत होता.

मग तो थांबला.

बाईंनी हात पुढे केला. कुंपण अजून चार पावलं लांब होतं. पुढे नुसती हवा होती.

बोटांच्या पेरांना लाकूड लागलं.

"थांब गं," आतून आवाज आला. "अजून सगळे आले नाहीत."

बाईंची आई त्या वीस वर्षांच्या असताना वारली होती. या शहरात ती कधी आली नव्हती. शेवटच्या वर्षात तिला दम लागायचा, आणि 'थांब'नंतर ती श्वास घ्यायला किंचित अडायची.

आवाज तिथंच अडला होता.

त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मागे शिवणाचं मशीन सुरू झालं. रेडिओवर कुणीतरी खुंटी फिरवली. फिटर आपल्या पायरीवर बसून सायकलची साखळी पुसत होता. त्यानं मान हलवून नमस्कार केला. घरी घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"होतीस कुठं?" ते म्हणाले. "चहा गार झाला तुझा."

सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी आपणहून आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगणं भागच होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ते मोकळं, प्रसन्न हसले.

"मग आता तुमचीही आठवण घाला की पुस्तकात," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात बाईंनी दोन बॅगा भरल्या आणि यजमानांना घेऊन मुलीकडे निघून गेल्या.

मुलीचं घर आठव्या मजल्यावर, उजेडाचं. पहिले दोन दिवस घड्याळजी प्रवासानं दमले असतील असं दोघींना वाटलं. ते खिडकीपाशी गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहत. पुढ्यात ठेवलं तर खात, नाहीतर नाही. मुलीच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. डोक्याचे फोटो काढले. म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे सगळं.

बाईंनी हळूहळू एकेक विचारून पाहिलं. आपलं लग्न. दुकान. मुलीचा जन्म. काही नव्हतं. मग शेवटी, स्वतःच्या मनाविरुद्ध, त्यांनी विचारलं, "नव्या वस्तीतली ती दुपार आठवते? तुम्ही सहा वर्षांचे होता ती?"

घड्याळजी बराच वेळ विचार करत होते. तीही नव्हती. ती वस्तीबरोबर तिकडेच राहिली होती. आणि जे तिनं आपल्या जागेसाठी बाहेर काढलं होतं, ते काही परत आलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंचा हात धरला. कुणाचा हात आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

"मी कुठलाच नाही का?" त्यांनी विचारलं. आणि लहान मूल रडतं तसे तोंड उघडं टाकून रडले.

बाईंनी त्याच दुपारी बॅगा भरायला घेतल्या. मुलीनं आकाशपाताळ एक केलं.

"आई, तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस मला तिथं काय होतं ते! आणि पुन्हा त्यांना तिथंच नेतेस?"

"इथं त्यांच्याजवळ काहीच नाही गं. तिथं निदान एक दुपार आहे."

"आणि तुझं काय?"

बाईंनी एक नवी वही दाखवली. "माझं मी सगळं उतरवून ठेवणार आहे. तुझ्या जन्माच्याही आधीपासून. रोज सकाळी वाचेन. उतरवलेलं कुठं जात नाही, एकतीस वर्षं हेच तर केलंय."

"मी येऊन राहू का तिकडे?"

"नाही," बाई इतक्या जोरानं म्हणाल्या की मुलगी एक पाऊल मागे सरली. "तू तिथं पाय ठेवायचा नाहीस. आधी शपथ घे. फोन कर. रविवारी फोन करत जा."

वस्तीच्या वळणावर रिक्षा पोचली आणि घड्याळजींचा कणा सरळ झाला. "ही पहिली गल्ली," ते बोटानं दाखवत म्हणाले. "ही दुसरी. अगं, आलो की घरी!" पायऱ्या त्यांनी आधार न घेता चढल्या. संध्याकाळपर्यंत ते भिंग लावून बसले होते, आणि शेजारी कुणाशी तरी थट्टा चालली होती.

बाईंनी ठरवल्याप्रमाणे वही लिहिली. एकशे चाळीस पानं. रोज सकाळी चहाआधी त्या ती वाचत. कधी कधी घड्याळजींना ती घड्याळाची गोष्ट वाचून दाखवत, कुणा दोघा परक्या माणसांची असावी तशी. त्यांना ती फार आवडायची. अकरा दिवस आले की ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "लबाड होता की लेकाचा!" बाई हसायच्या. मग आत जाऊन पदरानं डोळे पुसायच्या.

थंडी आली, गेली. पुस्तक छापून झालं. चांगलं झालं असं सगळे म्हणाले. बाई संध्याकाळी सिस्टरच्या पायरीवर बसू लागल्या. पूर्वी त्यांना टाकीच्या सावलीत गुदमरल्यासारखं व्हायचं, आता ओल्या विटांच्या त्या वासानं घरी आल्यासारखं वाटे. वही त्या वाचतच होत्या. लिपी वळणदार होती, भरभर वाचता यायची. कुणा एका बाईची साक्ष होती. नवरा, नोकरी, एक मुलगी. साक्ष खरी वाटत होती. पण एकतीस वर्षांत अशा साक्षी त्यांच्या हाताखालून किती गेल्या असतील, सगळ्या कुठं लक्षात राहतात.

एका रविवारी सकाळी फोन वाजला. घड्याळजी कामात होते, म्हणून बाईंनी घेतला. बराच वेळ बोलणं चाललं. बाई मायेनं, समजुतीच्या सुरात बोलत होत्या. ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरा हुरहुर होती.

"कोण होतं?" भिंग न काढता घड्याळजींनी विचारलं.

"कोण होती कुणास ठाऊक. चुकून लागला असेल. पण बोलायला फार गोड हो. मधेच रडायलाच लागली. मला म्हणाली, मी आजच्या गाडीनं येते."

"इथं?"

"हो. मी म्हटलं, या की, पत्ता सोपा आहे." बाईंनी खुर्ची पुसली आणि दार नीट उघडून ठेवलं. "दोनदा मला आई म्हणाली. हल्लीच्या मुली अनोळखी बाईलाही आई म्हणतात, बरं वाटतं ऐकायला."